तिसरा घाव

धुक्यातून सड्याच्या पठाराची कड समोर आली, ती इतकी जवळ की कातळावरचं वाळलेलं गवतही राहीला दिसलं. कॅप्टन ईशाने दांडा दोन्ही हातांनी छातीशी ओढला. ते चार आसनी विमान कण्हत वर चढलं, मागचे पट्टे तुटले आणि मोजमापाची पेटी येऊन राहीच्या कपाळावर आदळली. रक्त डोळ्यांत उतरलं. कानांत फक्त ईशाचं ओरडणं होतं, "राही, आपण आहोत कुठे? बोल ना, कुठे आहोत?"

राहीला सांगता येईना. शेवटच्या आकड्यावर गोठलेला समोरचा पडदा म्हणत होता, विमान धावपट्टीच्या सरळ रेषेत आहे. खरं तर ते पाऊण किलोमीटर बाजूला भरकटलं होतं आणि नको तितकं खाली आलं होतं. ईशाने धुक्याच्या वर जाऊन दोन घिरट्या घातल्या आणि धुकं फाटताच नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर विमान उतरवलं. उतरल्यावर ती चाकाशेजारी ओकली. मग तोंड पुसून म्हणाली, "हे कोण करतंय ते तू शोध. नाहीतर मी तुझ्यासाठी पुन्हा उडणार नाही."

राही मयेकर मुंबईत पीएचडी करत होती. उपग्रहांचे संदेश बिघडले तर विमानाने आपली वाट कशी धरून ठेवावी, हा तिचा विषय. एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला सडा आणि राहायला स्वतःचं घर, म्हणून चाचण्यांसाठी तिने रत्नागिरी निवडली होती. डिसेंबरातल्या तिन्ही उड्डाणांत संदेश त्याच जागी गुदमरला होता. पहिल्या दोन वेळा हवा स्वच्छ होती, म्हणून निभावलं.

आकाशातून येणारा तो संदेश फार क्षीण असतो. चहाच्या डब्याएवढं यंत्र त्याचा आवाज बुडवू शकतं. कपाळाला सहा टाके घेतलेली राही दिशा दाखवणारा अँटेना घेऊन आधी किल्ल्यावर गेली, मग भाट्याच्या समुद्रकाठच्या पुळणीवर. दोन्हीकडून नकाशावर रेघा ओढल्या. त्या एकमेकींना बंदराच्या जेटीवर छेदत होत्या.

तिचा थोरला भाऊ सर्वेश त्याच जेटीवरच्या एका बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. बोट गुरुप्रसाद शेटची.

दुपारी ती घराच्या गच्चीवर बसून आकडे उतरवत असताना सर्वेश वर आला. तिच्या कपाळाकडे त्याने पाहिलं आणि नजर वळवली.

"कशाचा शोध चाललाय गो तुझा?"

"बंदरात कोणीतरी यंत्र लावलंय. त्याने उपग्रहाचा संदेश बंद पडतो. काल आम्ही दोघी मेलो असतो, दादा."

सर्वेशची नजर बंदराकडे गेली. त्यावरूनच तिला कळलं.

"तुमच्या बोटीवर आहे?"

"सगळ्या बोटींवर सरकारने ती ठिकाण दाखवणारी यंत्रं बसवलीत. शेटला बंदी असलेल्या पाण्यात जाळं टाकायचं असतं. त्याने कुठूनशी ती बंद पाडणारी पेटी आणली. बंदरात आल्यावरही बंद करायची नाय, असा हुकूम हाय. म्हणजे सरकारी यंत्रच बिघडलंय असं वाटतं."

"मग तू बंद कर."

"मी बंद करू? गेल्या शिमग्याला जाळं फाटलं म्हणून खलाशांच्या देखत त्याने माझ्या थोबाडीत मारलीन. पाच वर्षं शिव्या खातोय. दुसऱ्या बोटीवर मला कोण घेणार? तो घेऊ देणार काय?"

"मी उद्या कळवणार आहे," राही म्हणाली. "मोजणी माझ्याकडे आहे."

सर्वेश खाली गेला. तो जेवायला गेला असं तिला वाटलं. पण तो नारळ सोलायची कोयती घेऊन परत आला आणि त्याने गच्चीच्या कोपऱ्यात तिने उभारलेल्या अँटेनाच्या खांबावर पहिला वार केला. तार तुटली. दुसऱ्या वाराने डबी फुटली आणि आतल्या हिरव्या पट्ट्या लादीवर विखुरल्या. राही धावली, तिने त्याचा दंड धरला. त्याने कोयती टाकली आणि तिचं मनगट पकडून असं पिरगळलं की आत ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला.

ती ओरडली नाही. त्याच्याकडे बघत राहिली. सर्वेशचा चेहरा उतरला. हात सोडून तो दोन पावलं मागे सरला आणि जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या आप्पांवर जाऊन आदळला.

आप्पांनी तीस वर्षं जहाजावर काढली होती. त्यांनी मुलाच्या मुस्कटात एक ठेवून दिली, मुलीला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत एकच वाक्य तीनदा म्हटलं, "बाय, घरातली गोष्ट घरात ठेव."

मनगटाला प्लास्टर घालून राही दुसऱ्या दिवशी सकाळी जेटीवर गेली. नुसत्या रेघांवर कोणी विश्वास ठेवणार नाही, यंत्राचा फोटो हवा, हे तिला ठाऊक होतं. हेही खरं की ती रागात होती. रात्रभर मनगट ठणकत होतं आणि प्रत्येक ठणक्यासरशी तिला सर्वेशचा चेहरा दिसत होता.

जेटीवर लिलाव भरात होता. बायका टोपल्यांतल्या सुरमईवरून भांडत होत्या, बर्फाचं पाणी घोट्यापर्यंत वाहत होतं. हातातली छोटी मोजणी-पेटी तिने साडेआठला सुरू केली. शेटच्या बोटीजवळ आकडा शिगेला गेला. फळी ओलांडून ती आत शिरली. सुकाणूच्या खालच्या फडताळात, जुन्या गोणपाटाखाली काळी पेटी होती. तीन दांड्या, एक हिरवा दिवा. तिने फोटो काढला. दुसरा काढणार तोच मागून केस ओढले गेले.

"कोण गो तू? मयेकराची पोर ना?"

गुरुप्रसाद शेट अंगाने आडवा आणि दांडगा होता. त्याने तिला केसांनी धरून डेकवर आणलं, मोबाइल हिसकावून समुद्रात भिरकावला आणि तोंडावर उलट्या हाताची चपराक मारली. कपाळाचे टाके उसवले. ती पडली तोच लाथ बरगडीत बसली. तिने पायांनी सरकत फळी गाठायचा प्रयत्न केला. त्याने तिला ओढून मासळीच्या खणाच्या तोंडाशी नेलं आणि बर्फावर तोंड दाबलं. मग उताणी करून दोन्ही अंगठे गळ्यावर ठेवले.

"कोणाकोणाला सांगितलंस? बोल! मुंबईच्या तुझ्या मास्तरांना सांगितलंस? पोलिसाला सांगितलंस?"

जेटीवर शंभर माणसं होती. खलाशी चारच हातांवर होते. कोणी हललं नाही. राहीला आकाशाचा तुकडा दिसत होता, तो कडेने काळा होऊ लागला. चांगल्या हाताने तिने त्याच्या डोळ्यात बोट घातलं. त्याने शिवी हासडली, पण पकड सुटली नाही.

तेव्हा सर्वेश आला. तो आपल्या बोटीसाठी शेजारच्या बोटीवरून बर्फ उतरवत होता. बर्फ फोडायची लाकडी मोगरी तशीच हातात घेऊन त्याने उडी मारली आणि शेटच्या खांद्यावर घातली. गळ्यावरचे अंगठे सुटले. राहीच्या छातीत हवा अशी घुसली की ती कळवळली. शेट वळला, त्याने कमरेचा सुरा काढला आणि सर्वेशच्या पोटावर आडवा फिरवला. शर्ट फाटला, रक्ताची रेघ उठली. सर्वेशने दुसरा घाव डोक्यात घातला. शेट गुडघ्यांवर आला, सुरा हातून निसटून खणात पडला, आणि शेट कुशीवर आडवा झाला. डोळे उघडे होते. एक हात त्याने वर केला, तळवा समोर धरून.

"दादा, पुरे," राही म्हणाली. आवाज फाटलेला होता, पण तो ऐकू जाण्याइतका होता. "पुरे, दादा."

सर्वेशने तिच्याकडे पाहिलं. मग मोगरी डोक्यावर नेऊन त्याने तिसरा घाव घातला.

गुरुप्रसाद शेट नवव्या दिवशी इस्पितळात वारला. पोलिसांनी काळी पेटी मारामारीच्या दिवशीच जप्त केली होती. त्या दिवसापासून राहीच्या पडद्यावर संदेश धुतल्यासारखा स्वच्छ येऊ लागला. खलाशांनी जबाब दिला की ते त्या वेळी चहाला गेले होते. लिलावातल्या बायकांनी काही पाहिलं नव्हतं. म्हणजे साक्षीदार एकच उरली.

वकील सावर्ड्याचे, आप्पांच्या ओळखीचे. त्यांनी राहीला समोर बसवून सांगितलं, "शेटच्या हातात सुरा होता तोवर काय झालं, एवढंच सांगायचं. नंतर तुमची शुद्ध हरपली. गळा दाबलेला होता, कोणीही मानेल. मुलगा सुटेल."

"माझी शुद्ध हरपली नव्हती."

"ते तुम्हाला माहीत. कोर्टाला माहीत असायची गरज नाही."

घरी आप्पा पहिल्यांदाच तिच्यापुढे रडले. "त्याने तुझा जीव वाचवलान गो. एवढं खोटं तू बोलू शकत नाहीस? तुझ्या विमानांना काय फरक पडणार?"

राही उठून गच्चीवर गेली. नको असलेला आकडा वहीतून गाळायचा नाही, हे तिला सात वर्षं शिकवलं गेलं होतं, पण इथे त्याचा आधार घ्यायची तिला लाज वाटली. माणूस म्हणजे आकडा नव्हे. तरी रोज पहाटे तिला तो वर केलेला तळवा दिसायचा. आणि त्याच्या पाठोपाठ मोडलेलं मनगट आठवायचं. मग ती स्वतःला विचारायची, मला खरं बोलायचंय की सूड घ्यायचाय? दोन्ही वेगळं काढता येत नव्हतं.

दीड वर्षाने खटला उभा राहिला. पिंजऱ्यात तिने सगळं सांगितलं. केस, बर्फ, अंगठे, सुरा. सरकारी वकिलाने विचारलं, "आरोपीने किती घाव घातले?"

"तीन."

"तिसऱ्या वेळी मयत काय करत होते?"

सर्वेश समोर बसला होता. त्याने मान खाली घातलेली नव्हती.

"पडले होते," राही म्हणाली. "हात वर केला होता. मी पुरे म्हटलं होतं."

मागच्या बाकावरून आप्पा उठले आणि दार न लावता बाहेर गेले.

सर्वेशला सात वर्षांची शिक्षा झाली. राहीचा प्रबंध पुढच्या वर्षी मान्य झाला, कॅप्टन ईशा समारंभाला आली. आप्पा आले नाहीत. ती सुट्टीत घरी गेली की ते तिला जेवायला वाढायचे आणि स्वतः ओटीवर जाऊन बसायचे.

कोल्हापूरच्या तुरुंगात ती दर दोन महिन्यांनी जायची. सर्वेश भेटायला नकार द्यायचा. शिपाई कागद परत आणून द्यायचा, ती एसटीने आंबा घाट उतरून परत यायची. पाचव्या खेपेला तो आला. केस कापलेले, वजन उतरलेलं. तो जाळीपलीकडे येऊन बसला.

"तू खोटं बोलली असतीस तर सुटलो असतो," तो म्हणाला.

"हो."

"सुरुवातीला वाटायचं, बाहेर आलो की तुझा गळा मीच दाबीन." तो हे अगदी साध्या आवाजात म्हणाला. "इथे एकाने मला विचारलं, बहिणीला वाचवायला मारलंस ना? मी हो म्हटलं. तीन दिवस झोप नाय आली."

राहीने खुर्ची जाळीजवळ ओढली.

"पहिले दोन तुझ्यासाठी होते. तिसरा मी माझा मारला. तू पुरे म्हणालीस ते ऐकलं होतं मी. ऐकून मारला. पाच वर्षं खाल्लेल्या शिव्यांचा होता तो, आणि मारताना बरं वाटलं मला." त्याने जाळीला बोटं लावली आणि लगेच काढून घेतली. "हे आप्पांना तू सांग. मला लिहायला जमत नाय."

वेळ संपली. शिपायाने त्याला उठवलं.

राही संध्याकाळी घरी पोचली. आप्पांनी नेहमीसारखं ताट वाढलं आणि ओटीकडे निघाले. तिने त्यांना हाताला धरून बसवलं आणि सर्वेशचे शब्द होते तसे सांगितले. आप्पा ऐकत राहिले. मग त्यांनी तिच्या ताटातली निवलेली आमटी उचलली, चुलीवर पुन्हा गरम केली, आणि या वेळी दोन ताटं घेऊन तिच्यासमोर बसले.