काळ्या कागदावरच्या चिलापी

अजिनाथरावांनी मोटारीचा पाईप शेततळ्यात सोडला आणि लेकीला हाक मारली, "संस्कृती, बाहेर ये. सगळं पाणी नाल्यात काढून द्यायचं हाय."

ती धावतच आली. पारनेरच्या भर उन्हाळ्यात डाळिंबाची बाग या एका तळ्यावर तगून होती. पण तिच्या आबांचं, अजिनाथरावांचं, त्यावरून मन उडालं होतं. मातीच्या जुन्या तळ्यातल्या निम्म्या चिलापी त्यांनी या नव्या तळ्यात सोडल्या, आणि मातकट रंगाची ती मासळी कोळशासारखी झाली. नव्या तळ्याला तळापासून काठापर्यंत काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला होता.

"कागदाचं इख उतरलंय पाण्यात," छबूआत्या काठावरून म्हणाली. "तेच पानी बागेला द्यायचं व्हय?"

"आत्या, मासे खातायत, पळतायत. एकही मेला नाही. त्यांनी तळ्याचा रंग घेतला असेल."

"घेतला असंल?" आबा म्हणाले. "मासा काय रंगारी हाय का?"

"थोडं थांबा. मी दाखवते. नाही जमलं तर चालू करा मोटार."

बोलून तर गेली ती. पण हे सारं तिने कॉलेजात वाचलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

जाळीने दोन काळे मासे धरून तिने पांढऱ्या टबात सोडले. घाबरून त्यांच्या अंगावर उलट आणखी गडद पट्टे उमटले.

"झालं! होतं त्याहून काळं केलंस," आत्या म्हणाली.

तिघं लिंबाच्या सावलीत टबाभोवती बसली. रंग बदलायला नेमकी कधी सुरुवात झाली, ते कुणालाच सांगता आलं नसतं. एका माशाची शेपटी राखाडी दिसू लागली, मग खवल्यांच्या मधून उजेड फुटावा तसा तो उजळत गेला. आबा पुढे वाकले.

"कातडीतल्या पेशींमध्ये काळे कण असतात," संस्कृतीने हाताची बोटं पसरली. "असे पसरले की मासा काळा." मग तिने मूठ मिटली. "असे गोळा झाले की फिका."

"मग मी जन्मभर चुन्याच्या घरात ऱ्हाऊन काळीच कशी गं?" आत्याने विचारलं, आणि आबासुद्धा हसले. पण लगेच त्यांनी बोट दाखवलं. "आन् हा दुसरा?"

दुसरा तसाच होता, काळाकुट्ट. नीट बघायला संस्कृतीने टबावर हात नेला. फिका मासा दचकून उसळला. काळा जागचा हलला नाही. तिने त्याला ओंजळीत उचललं. दोन्ही डोळ्यांवर दुधासारखी साय होती.

"आबा," ती म्हणाली, "हा आंधळा आहे. आजूबाजूला पांढरं आहे, हे याला कळलंच नाही."

आबांनी त्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं.

"म्हंजी डोळ्यानं बघायचं, आन् अंगावर उतरायचं?"

"हो. तो ठरवत नाही. डोळ्यांचा निरोप जातो आणि अंग ऐकतं."

तिने आंधळ्या माशाला टबात परत सोडलं, आणि आबांनी फिका मासा अलगद उचलून तळ्यात सोडला. काळ्या पाण्यात तो चांदीच्या तुकड्यासारखा खोल जाताना दिसत राहिला.

"आता परत काळा व्हनार?"

"होणार."

आबांनी पाईप ओढून काठावर घेतला आणि तिथेच मांडी घातली. "सर जरा," ते मागे येऊन उभ्या राहिलेल्या आत्याला म्हणाले, "सावली पडती तुझी. दिसू दे मला."