उघड्या कडेचा झेंडा

मित्रांनो, मी एक जुना झेंडा आहे. झेंडा म्हटला की तुम्ही मान वर करता, पण मला पाहायचं तर खाली वाकावं लागेल. एका लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात मी घडी होऊन पडलो आहे. झेंड्याचा जन्म घेऊन उभ्या आयुष्यात मी एकदाच फडकलो, आणि तो दिवस उगवलाच नसता तर बरं झालं असतं.

माझा जन्म दोन खोल्यांच्या कारखान्यात झाला. पुढच्या खोलीत मास्तर कापड कापायचे, मागच्या खोलीत त्यांची बायको शिवायची. तिला सगळी गल्ली काकू म्हणायची. मास्तरांच्या कात्रीला आणि काकूंच्या जिभेला सारखीच धार आहे, असं गिऱ्हाइकं हसून म्हणत. मास्तर मात्र अगदी सरळ माणूस. सांगितलं तेवढंच ऐकायचं, त्याच्या मागेपुढे काही असेल हे त्यांच्या गावीही नसे. 'ह्यांना कुणी बसा म्हटलं, तर उठा म्हणायलाही तिथे थांबावं लागतं,' असं काकू शेजारणींना सांगत.

त्यांना एकुलता एक मुलगा. ताडमाड वाढलेला, म्हणून लंबू. माळ्यावरचे कापडाचे तागे तो स्टुलाशिवाय काढायचा. 'शिडीचे पैसे वाचले,' म्हणून मास्तर खूश असत. पुढे तो आरमारात गेला. एका वादळात त्याची बोट बुडाली. काही जणांचे देह मिळाले, लंबूचा मिळाला नाही. दोन अधिकारी घरी येऊन तसं सांगून गेले. काकूंनी त्यांना चहा दिला आणि बोट शोधायचं काम चालू ठेवा, असं बजावलं.

आता आमच्याकडच्या झेंडा दिनाची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. फार वर्षांपूर्वी परक्यांची सत्ता गेली, त्या दुपारी कचेरीवर लावायला आपला झेंडाच नव्हता. गल्लीतल्या बायकांनी हाताला लागेल त्या कापडातून तो घाईघाईने शिवला. बाहेर गर्दीला धीर धरवेना. घाईत वीतभर कड शिवायची राहून गेली आणि झेंडा तसाच वर चढला. वाऱ्याने त्या कडेचे दोरे सुटू लागले. तेव्हा लढ्यात मुलगा गमावलेल्या एका आईने झेंडा खाली घ्यायला लावला, सगळ्यांसमोर हाताने टाके घातले आणि मगच तो पुन्हा चढला.

तेव्हापासून दर झेंडा दिनाला घराघरांवर, दुकानांवर, बसच्या टपांवर झेंडे लागतात आणि मैदानावर तो जुना रिवाज पाळला जातो. देशासाठी गेलेल्या प्रत्येकाच्या घराला एक झेंडा मिळतो. त्याची वीतभर कड मुद्दाम उघडी ठेवलेली असते. घरचं माणूस ती हाताने शिवतं. मग गेलेल्याचं नाव वाचतात आणि तो झेंडा संध्याकाळपर्यंत मैदानावर फडकतो. कड बंद झाली, म्हणजे घराने मान्य केलं की आपलं माणूस आता यायचं नाही. हे उघड कुणी बोलत नाही, पण ठाऊक सगळ्यांना असतं.

हे झेंडे काकूच शिवायच्या. बरीच वर्षं पत्ता लागला नाही की सरकार बेपत्ता माणसाला गेलेला धरतं. लंबूची ती मुदत भरली, त्या वर्षी कचेरीतला कारकून नेहमीप्रमाणे झेंडे सांगायला आला. जाता जाता, चपलेत पाय घालताना, खाली बघतच म्हणाला, "काकू, यंदा एक जास्त लागेल." कुणासाठी ते काकूंनी विचारलं नाही. मास्तरांनी माझं कापड कापलं, काकूंनी मला शिवलं. टीप कुठे वाकडी गेली नाही. मशीन मात्र सारखं थांबत होतं.

त्या झेंडा दिनाला मैदानावर त्यांची पाळी आली. ओवलेली सुई हातात दिली गेली. माणसं स्तब्ध उभी. मला वाटलं, आता आपण फडकणार. काकूंनी सुई माझ्याच कापडात टोचून ठेवली आणि म्हणाल्या, "डोळ्यांना नीट दिसत नाही. पुढच्या वर्षी घालीन." मला काखेत मारून त्या सरळ घरी आल्या.

पुढची कितीतरी वर्षं असंच चाललं. झेंडा दिन जवळ आला की त्या मला बाहेर काढत, ऊन दाखवत, उघड्या कडेचे लोंबणारे दोरे कापत आणि पुन्हा ठेवून देत. कुणी विचारलंच तर ठरलेलं उत्तर असे, आता दोरा ओवता येत नाही. आणि उरलेला दिवस मशीनवर बसून त्या दुसऱ्यांचे झेंडे शिवत, सुईत दोरा एका झटक्यात ओवून. मला सगळं कळत होतं. कारखान्यात येणाऱ्याजाणाऱ्यालाही कळत होतं. फक्त मास्तरांना कळत नव्हतं.

मास्तरांचं दुःख वेगळं होतं, मित्रांनो. दर वर्षी ते मैदानावर जात, दुसऱ्यांच्या मुलांची नावं ऐकत आणि आपल्या मुलाचं नाव न ऐकता परत येत. आपला लंबू कुणाच्या खिजगणतीतही नाही, असं त्यांना वाटे. बायको डोळ्यांमुळे अडली आहे, यावर त्यांचा पक्का विश्वास होता. एका वर्षी असंच ऊन दाखवून, मला परत ठेवून काकू बहिणीकडे गेल्या असताना त्यांनी मला मांडीवर घेतलं. हयात कापण्यात गेलेली, हातशिलाई कधी जमलीच नव्हती. बोटं टोचून घेत त्यांनी वेडेवाकडे टाके घातले. कड बंद झाली. डोळे पुसून ते मला कचेरीत देऊन आले. काकूंना काही सांगितलं नाही. तिला बरं वाटेल, असं त्यांच्या मनात होतं.

झेंडा दिनाला मी दोरीवरून वर चढलो. वारा भरला आणि मी उलगडलो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. खाली हजारो माणसं माझ्याकडे बघत होती. भोंग्यावरून शाळेच्या दाखल्यावरचं एक लांबलचक नाव वाचलं गेलं. घरात त्या नावाने कुणी कधी हाक मारली नव्हती. काकूही इतरांसारख्याच मान वर करून ऐकत होत्या. हा आपला लंबू, हे ध्यानात यायला त्यांना वेळ लागला. मग त्या आहे तिथेच खाली बसल्या.

मास्तर लगबगीने वाकले. "तुला दोरा ओवता येत नव्हता ना," ते म्हणाले, "म्हणून मीच घातले टाके."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "आता कुठून येईल तो?"

मी वर फडफडत होतो. वारा पडावा असं मला वाटत होतं, पण त्या दिवशी वारा संध्याकाळपर्यंत पडला नाही.

संध्याकाळी मला उतरवून घरी आणल्यावर मास्तर कात्री घेऊन बसले. स्वतःच घातलेले टाके त्यांनी एकेक करून कापले, दोरे वेचून काढले आणि उघडी कड काकूंच्या पुढ्यात धरली. काकूंनी तिला हातही लावला नाही.

"उसवलंत," त्या म्हणाल्या, "पण नाव वाचून झालं ना."

त्यानंतर त्या मशीनवर बसल्या नाहीत. मास्तर एकटेच कापड कापत राहिले, शिवायला कुणी नसताना. कापलेल्या पट्ट्यांचे ढीग भिंतीला लागले, मग कारखाना बंद झाला. दोघं त्याच दोन खोल्यांत राहत होती, भांडण न करता, बोलणंही न करता. आधी मास्तर गेले, मग काकू.

मित्रांनो, झेंड्याला जपा, तो चुरगळू नका, पायदळी पडू देऊ नका, हे तुम्हाला सगळे सांगतील, आणि ते खरंच आहे. माझं मागणं त्याहून लहान आहे. कुणाच्या घरात एखादं काम वर्षानुवर्षं अर्धवट ठेवलेलं दिसलं, तर ते पुरं करायला धावू नका. आधी विचारा. मास्तरांनी एकदा जरी विचारलं असतं, तरी त्या बाईचा मुलगा निदान तिच्यापुरता तरी जिवंत राहिला असता.