गुणी पोर

पुढच्या खोलीत इस्त्रीचं दुकान, मागच्या खोलीत संसार आणि दोहोंच्या मधे एक दार. त्या दिवशीही सकाळपासून शर्टांचे गठ्ठे येऊन पडले होते आणि आई उभ्या उभ्या एकेक कॉलर सरळ करत होती. नवरा सायकलवरून कपडे पोचवायला गेला होता. दीड वर्षाची जुळी पोरं पायात घोटाळत होती. राजा कपाटाला धडकला आणि त्यानं भोकाड पसरलं. सासूबाई आतून धावत आल्या, कपाटाला दोन चापट्या मारल्या आणि नातवाला कडेवर घेऊन पार रस्त्यापर्यंत फिरवून आणलं. त्याची बहीण जमिनीवर बसून एक चिंधी या हातातून त्या हातात करत राहिली.

तिला सगळे गुणी म्हणत. गिऱ्हाइकं म्हणत, पोर असावी तर अशी, घरात आहे की नाही कळतसुद्धा नाही. ते ऐकून आईची मान ताठ व्हायची. ही गुणी होती म्हणून तर रोजचं काम उरकत होतं.

जन्मली तेव्हा ती अशी नव्हती. दोघांत तिचाच गळा मोठा. उजेड दिसला की हसायची, पदर हाती लागला की सोडायची नाही, अनोळखी बोटालाही लोंबायची. राजा तेव्हा आपला निवांत, झोपाळू. पण तिला तीन महिने झाले आणि सासूबाईंनी घराची रीत सांगितली. मुलगा रडला की उचलायचा, मुलीला रडू द्यायचं. मुलीच्या जातीला मांडीची सवय लागली की पुढं जड जातं, लोकांच्या घरी तिला कोण उचलून घेणार आहे? मूल पाळण्यातलं, आणि काळजी तिच्या सासरची.

पहिल्या दिवशी गुणी रडली ती गळा बसेपर्यंत. दुसऱ्या दिवशीही. आई हातात इस्त्री धरून उभी, दूध दाटून ब्लाऊज ओला झालेला, आणि पाय जागचे हलेनात. दारात सासूबाई बसलेल्या. दहाव्या दिवशी रडणं पाव तासावर आलं, महिन्यानं नुसत्या कुरकुरीवर. मग एका दुपारी पोर जागी होती, भुकेलेली होती आणि गप्प छताकडे बघत पडली होती. शहाणी झाली, असं सासूबाई म्हणाल्या. आईलाही हायसं वाटलं. तिचं ते हायसं वाटणंच पुढं तिला जन्मभर बोचणार होतं.

तर राजा कपाटाला धडकला त्या दिवशी दुपारी एक गिऱ्हाईक घाईघाईनं आलं. आईनं तापलेली इस्त्री खालच्या फळीवर टेकवली आणि त्याचा गठ्ठा बांधायला घेतला. डोळ्याच्या कडेनं तिला दिसलं, गुणी फळीपाशी गेली, झटकन मागं सरली आणि दाराआड जाऊन बसली. आवाज आला नाही. आवाज आला नाही म्हणून आईनं गाठ मारली, चिठ्ठी लावली, पुढचा शर्ट घेतला. तासाभरानं भरवायला बसली तर पोर उजवी मूठ उघडेना. हळूहळू एकेक बोट सोडवलं तेव्हा आत तळवाभर फोड आलेला.

दवाखान्यात नर्सबाईंनी मलम लावलं आणि बिचारीनं किती आकांत केला असेल, असं विचारलं. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, हूं नाही की चूं नाही, गुणीच आहे आमची. नर्सबाईंचा पट्टी बांधणारा हात थांबला. पोरगी स्वतःच्या हाताकडे बघत होती, जणू तो दुसऱ्याच कोणाचा. आई हातभर अंतरावर उभी होती, पण पोरीनं एकदाही मान वळवून तिला शोधलं नव्हतं.

"हा हिचा स्वभाव नाही, बाई," नर्सबाई आईला म्हणाल्या. "मूल रडतं ते कुणीतरी येईल या भरवशावर. हिचा तो भरवसा मोडलाय. दुखतं हिलाही. सांगायचं कुणाला, ते हिला माहीत नाही."

सासूबाईंना ते झोंबलं. "आम्हाला कुणी उचललं होतं? आम्ही मेलो का?"

आईला सासऱ्यांचा शेवटचा दिवस आठवला. सासूबाईंनी त्यांच्या अंगाखालची चादर घडी करून ठेवली होती आणि पाणी तापवायला गेल्या होत्या. डोळ्यांतून टिपूस नाही. काय खंबीर बाई, असं सगळी गल्ली म्हणाली होती. आज आईनं त्या सुरकुतल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला तिथं छताकडे बघत पडलेली एक तान्ही पोर दिसली.

घरी आल्यावर तिनं इस्त्री बंद केली आणि गुणीला मांडीवर घेऊन भिंतीशी बसली. पोरीचं अंग लाकडासारखं ताठ. मांडी म्हणजे काय, हे तिला ठाऊकच नव्हतं. तेवढ्यात राजा ओरडत आला. सासूबाई म्हणाल्या, "त्याला घे आधी. ती काय, गप्प आहे."

"गप्प आहे म्हणूनच घेतलीय," आई म्हणाली. "राजाला थोडं थांबू द्या. कुणीतरी येणार, हे त्याला पक्कं माहितीय."

सासूबाईंना असं उत्तर पहिल्यांदाच मिळालं होतं. संध्याकाळी आईनं ते नवऱ्याच्या कानावर घातलं, तर बायकांच्या कुरबुरीत मला ओढू नका, म्हणाला आणि सायकल पुसायला गेला. त्या दिवसापासून आईनं निम्मे गठ्ठे परत पाठवायला सुरुवात केली. कारण विचारलं की ती स्वच्छ सांगायची, मुलीला उचलायला वेळ लागतो. काहीजण हसायचे.

गुणी मांडीवरून घसरून खाली उतरायची. आई पुन्हा घ्यायची. ती पुन्हा उतरायची. हात बरा झाला, तळव्यावर गुळगुळीत डाग राहिला. मांडीची ओळख काही पटेना.

मग चार महिन्यांनी ती पायरीवरून पडली. ओठ फुटला. तिनं आधी इकडेतिकडे पाहिलं, कुणी आहे का. मग तोंड उघडलं आणि एक बारीक, गंजलेला आवाज बाहेर आला. आई हातातलं टाकून धावली. आतून सासूबाईंचा टोमणा आला, "लाडावून ठेव आता. रडकी केलीस पोरगी."

पण आई पोचेपर्यंत तो आवाज पोरीनं गिळूनही टाकला होता. ओठ घट्ट मिटलेले, डोळे कोरडे. आईनं तिला छातीशी घट्ट धरलं, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि विनवणी केली.

"रड गं माझे बाई. पुन्हा रड. मी आलेय."