बाथरूमचा बाजारभाव

काकांना काका म्हणायला सुरुवात केली ती वर्गातल्या पोरांनी. संध्याकाळच्या मॅनेजमेंटच्या वर्गात बाकी सगळी पंचविशीच्या आतबाहेरची, आणि मधोमध हा गाद्यांच्या शोरूममधला सुपरवायझर, टक्कल पडू लागलेला, चष्मा कपाळावर चढवून जांभया दाबणारा. इतर विषय काकांनी कसेबसे ढकलले. मार्केटिंग तर त्यांना कुणी शिकवायची गरजच नव्हती. पाठ ठणठणीत असलेल्या माणसाला पाठदुखीची गादी विकणारा गडी तो. पण 'प्राथमिक अर्थशास्त्र' या पेपरनं त्यांची पार दांडी उडवली. प्राथमिक म्हणे! मागणीची रेषा खाली उतरायची, पुरवठ्याची वर चढायची, दोघी फळ्यावर एकमेकींना छेदायच्या आणि गाठ बसायची ती काकांच्या डोक्यात.

एकदा नापास झाले होतेच. पुन्हा झाले तर पदवी गेली, आणि पदवी गेली की शोरूमच्या मॅनेजरची खुर्ची गेली. बरं, गेली तर गेली. पण जाणार कुणाकडे, तर साडूकडे! साडू त्याच शोरूममध्ये, उशांच्या विभागात. अहो, उशांच्या! त्यानं दुसऱ्या कॉलेजातून सगळे पेपर कधीच काढले होते, आणि हल्ली तो भेटला की काकांच्या खांद्यावर हात ठेवून "काही अडलं तर सांगा हं," म्हणायचा. उद्या रजा मागायची तर या उशीवाल्यापुढे उभं राहायचं, या विचारानं काकांना घास गिळवेना.

मॅडम तशा भल्या. नापासांना त्यांनी एक शेवटची संधी दिली. "जिथे बाजार नाही, तिथे एक बाजार सुरू करा," त्या म्हणाल्या. "आठवडाभर चालवा आणि शुक्रवारी सकाळी दहाला येऊन सगळ्यांसमोर सांगा, काय झालं ते. पुस्तकातलं एक वाक्य ऐकू आलं तर मी उठून जाईन."

काकांना जागा शोधावी लागली नाही. घरात माणसं चार, बाथरूम एक. स्वतः काका, बायको, कॉलेजात जाणारी लेक आणि सासूबाई. रोज सकाळी काका आंघोळ उरकून चहा प्यायला बसले की तिकडे दारावर थापा सुरू. लेक आत गेली की आंघोळ करते की पोहायला शिकते, देव जाणे. 'यालाच म्हणतात टंचाई,' काका स्वतःशीच म्हणाले आणि रविवारी त्यांनी सगळ्यांना गॅलरीत बोलावलं.

कपडे वाळत घालायचे चिमटे त्यांनी चौघांत सारखे वाटले. आता रोज संध्याकाळी लिलाव. ज्याचे चिमटे जास्त, त्याचा सकाळी पहिला नंबर, त्याच्या खालोखाल दुसरा, असे चार नंबर.

"म्हणजे आता आंघोळही विकत घ्यायची?" बायकोनं विचारलं.

"अगं, भांडणं मिटतील. बाजार सगळं आपोआप जुळवून आणतो."

"बरं बाई," बायको म्हणाली आणि तिनं आपले चिमटे ओच्यात टाकले.

सोमवारी सगळं सुरळीत. काकांनी पहिला नंबर दोन-तीन चिमट्यांत मारला आणि अंगाला साबण लावता लावता आतूनच ओरडले, "समतोल! समतोल साधला!"

मंगळवारचा पहिला नंबर लेकीनं घेतला आणि सकाळी दारात उभी राहून बापालाच दुप्पट भावानं विकायला काढला.

"अगं पण तुझं कॉलेज दुपारी आहे ना?"

"म्हणून तर विकतेय, बाबा. घेतोस का? नाहीतर आई आहेच."

काकांनी मुकाट्यानं घेतला. सासूबाई हे सगळं डोळे मिचकावत बघत होत्या. बुधवारपासून त्यांनी दुकानच थाटलं. नातीच्या केसांना तेल लावायचा एक चिमटा. काकांचा चष्मा शोधून द्यायचे दोन.

"आई, अहो, तो माझ्या कपाळावरच होता!"

"मग? शोधला की नाही? ठेवा दोन चिमटे."

आता घरातले झाडून सगळे चिमटे बाजारात, तर दोरीवर कपडे कशाच्या आधारानं राहणार? वारा सुटला आणि काकांचा शुक्रवारसाठी धुतलेला शर्ट खालच्या पार्किंगच्या पत्र्यावर जाऊन पडला. काठीनं ओढून काढला तेव्हा त्याच्या पाठीवर गंजाचा हा एवढा नकाशा! बायको पायांत चपला सरकवून कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि चिमट्यांचं नवंकोरं पाकीट घेऊन आली.

गुरुवारच्या लिलावात जो काही हाहाकार झाला, तो विचारू नका. बायकोनं मूठभर चिमटे टाकले, लेकीनं तिच्याकडून उसने घेऊन ओंजळभर टाकले, भाव गगनाला भिडले.

"महागाई!" काका गॅलरीत अक्षरशः नाचले. "अगं, खरीखुरी महागाई! आपल्या घरात!"

त्यांचं नाचून झाल्यावर सासूबाईंनी उशीखालून पिशवी काढली, पालथी केली आणि शुक्रवारचे चारही नंबर एकदम घेऊन टाकले.

"मक्तेदारी!" काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी आपल्या हातात पाहिलं. हातात एकच चिमटा होता, त्याचीही स्प्रिंग तुटलेली.

शुक्रवारी सकाळी काका टॉवेल गुंडाळून दाराबाहेर उभे आणि सासूबाई आत.

"आई, मला दहाला पोचायचंय हो! नापास होईन मी! साडू डोक्यावर बसेल!"

"भाव काय देता, जावईबापू?"

"एक चिमटा आहे. तुटका."

"तसला नको," आतून आवाज आला आणि पाठोपाठ पाण्याचा.

काका बायकोकडे वळले. "अगं, तू तरी सांग ना आईंना!"

बायको आपला डबा भरत होती. "मी कोण सांगणार?" तिनं वर न बघताच विचारलं. "बाजार आहे ना. सगळं आपोआप जुळवून आणतो."

शेवटी काकांनी अर्धी बाटली सेंट अंगावर ओतलं, गंजाच्या डागाचा शर्ट चढवला आणि धावत सुटले.

वर्ग हसून हसून बेजार झाला. चष्म्याच्या दोन चिमट्यांवर तर मॅडमनी रुमालानं डोळे पुसले. काका खुशीत आले. पास झालोच, असं त्यांना वाटायला लागलं, तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "आणि बाजार सुरू व्हायच्या आधी पहिला नंबर कुणाचा असायचा?"

"माझा."

"भांडून मिळवायचात?"

"छे हो. मी उठायचो तेव्हा बाथरूम रिकामीच असायची."

"चार माणसांच्या घरात? रोज? आपोआप?"

काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. रिकामी असायची. गीझर चालू असायचा. खुंटीवर धुतलेला टॉवेल असायचा. बायकोची बस त्यांच्या बसच्या आधी सुटायची, तरी ती दाराशी उभी राहून म्हणायची, "थांब गं, बाबांना आधी जाऊ दे." पांघरुणात तोंड खुपसून वर्षानुवर्षं ते हे वाक्य ऐकत आले होते आणि त्याचा अर्थ त्यांच्या कानापुढे कधी गेलाच नव्हता. तिची स्वतःची आंघोळ शेवटी, उरलेल्या गार पाण्यात. सोमवारपासून ती दाराशी उभी राहिली नव्हती. कशाला राहील?

"मॅडम," काका म्हणाले, "आमच्याकडे ते फुकट मिळत होतं. मला एकट्याला. कुणीतरी देतंय, हेच मला माहीत नव्हतं. मी त्याला भाव लावला आणि ते बाजारातनं उठलं."

काकांनी नाक पुसलं.

"पास," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी खिडकी उघडली. "आता घरी जा आणि आधी आंघोळ करा."

काका घरी कसले जातात! तडक शोरूममध्ये गेले. साडूनं सवयीनं खांद्यावर हात ठेवला. "काय झालं?"

"पास! तुम्हाला काही अडलं तर सांगा हं."

साडूनं हात काढून घेतला आणि नाकाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी काका उठले. गीझर लावला, खुंटीवर टॉवेल टाकला आणि दार अडवून उभे राहिले. लेक डोळे चोळत आली. "थांब गं, आईला आधी जाऊ दे," काका म्हणाले.

मागून बायको आली. तिनं गीझरच्या दिव्याकडे पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "किती चिमटे?"

"चिमटे गेले खड्ड्यात. चुकलंच माझं. जा तू."

बायकोचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अहो, तुम्हालाच उशीर होईल. तुम्ही जा."

"नाही, तू जा."

"जा म्हणते ना!"

"अगं, तुझी बस आधी आहे!"

"म्हणजे माहीत होतं तर!"

"कालच कळलं!"

दोघं एकमेकांना दाराकडे ढकलत असताना सासूबाई मधून सुळकन आत शिरल्या आणि कडी लागली.

"चालू द्या तुमचं," आतून आवाज आला. "मला काही घाई नाही."

बायको हसता हसता भिंतीला टेकून खाली बसली, आणि काका टॉवेल मांडीवर घेऊन तिच्या शेजारी.