चूलबंद आवतण

थांबा, आधी तुमचं नाव सांगा! रागावू नका, सवय आहे ती. मी सतरा ओळींचा प्रोग्राम बोलतोय. शाहूपुरीतल्या एका दूध संघाच्या ऑफिसात, जिन्याखालच्या कॉम्प्युटरमध्ये माझा मुक्काम असतो.

माझा जन्म २००४ सालचा. राजारामपुरीत राहणाऱ्या विद्याश्री मॅडमनी मला लिहिलं. संघातल्या माणसांची नावं आणि कोण कोणत्या गटात आहे, हे सगळं कॉम्प्युटरमधल्या डिरेक्टरी नावाच्या वहीत असायचं. कुणी कामाचं पान उघडायला आलं, की मी त्या वहीत डोकवायचो. माणूस योग्य त्या गटात असला तर 'हो', नसला तर 'नाही'. बस्स, एवढंच काम. पण खरं सांगतो, 'नाही' म्हणताना मला भारी रुबाब वाटायचा.

पहिल्याच सोमवारी माझा रुबाब उतरला. आजऱ्याच्या केंद्रावर शालूबाई दूध तपासायच्या. तपासणीचा निकाल त्यांनी कॉम्प्युटरवर भरला, की टँकर कोल्हापूरला सुटायचा. कागद त्या दिवसापासून बंद झाले होते. शालूबाईंनी नाव घातलं आणि मी म्हणालो, 'नाही'. त्यांनी पुन्हा घातलं. मी पुन्हा 'नाही'!

ऑफिसात फोन खणखणला. "मॅडम, दूध झ्याक हाय, पर ह्यो मला आत घेईना झालाय! टँकर दारात हुबा हाय की!"

विद्याश्री मॅडमनी वही तपासली. टँकर सोडायचा हक्क 'संकलन' गटाला होता. त्या गटात आख्खा 'आजरा केंद्र' गट घातलेला होता आणि त्या केंद्राच्या गटात शालूबाई होत्या. मॅडमना सगळं बरोबरच दिसत होतं. मग अडतंय कुठं?

व्यवस्थापक गणपतराव येरझाऱ्या घालत होते. "मी आधीच म्हणत हुतो, बाईस्नी कॉम्प्युटर जमायचा न्हाय. अकरापातूर टँकर सुटला न्हाय तर उद्यापास्नं तिथं दुसरा माणूस बसवा." फोन चालूच होता. पलीकडं शालूबाईंनी ते ऐकलं असणार, कारण त्यांनी घाईघाईनं पुन्हा एकदा नाव घालून पाहिलं. वीस वर्षं दूध तपासणारी बाई माझ्या एका शब्दापायी घरी बसणार होती. मला फार वाईट वाटलं. पण मला लिहिलेलं सोडून दुसरं काही बोलता येत नाही.

तेवढ्यात शिपाई आण्णा चहा घेऊन आले. "मॅडम, रविवारी नातवाचं बारसं हाय. चूलबंद आवतण हाय बरं का!"

"म्हणजे किती जणांनी यायचं?" मॅडमनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"घरात जेवढी हायत तेवढी! तुमची चूल पेटायची न्हाय त्या दिवशी. घराला आवतण दिलं म्हंजी घरातल्या समद्यास्नी आलं की. दारात पोरास्नी अडवून, तुझं नाव कुठं हाय, असं इचारायचं व्हय?"

मॅडमचा कप हवेतच थांबला. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी ओशाळलोच. दारात अडवणारा मीच होतो ना! 'संकलन' गटात मी फक्त सुटी नावं शोधत होतो. त्यात एक आख्खं घर आहे आणि त्या घरात माणसं आहेत, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

मॅडमनी चहा तसाच ठेवून मला सहा ओळी जास्त लिहिल्या. आत गट दिसला तर त्याच्या दारात जायचं, तिथली माणसं विचारायची, त्यातही गट असला तर आणखी आत. एकदा जाऊन आलेल्या घरी मात्र परत जायचं नाही, नाहीतर फिरतच बसशील, अशी ताकीदही दिली.

"बाई, आता घाला नाव." अकराला सात मिनिटं कमी होती.

मी वही उघडली. संकलन. आत आजरा केंद्र. आत शालूबाई. इतक्या आनंदानं मी आजवर 'हो' म्हटलं नव्हतं!

फोनवर आधी टँकरचा आवाज आला, मग बाईंचा. "मॅडम, माझं चुकलं न्हवतं न्हवं?"

"नाही बाई. चुकलं होतं माझं."

गणपतरावांनी फोन घेतला, घसा खाकरला आणि म्हणाले, "बाई, उद्याबी तुम्हीच बसा." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

त्याला पाच वर्षं झाली. आता शालूबाईच नव्या पोरींना कॉम्प्युटर शिकवतात. संघात नवी यंत्रणा आली आहे आणि सोमवारी मला बंद करणार आहेत. रडण्यासारखं त्यात काही नाही. माझ्या जागी येणाऱ्याला मात्र एक विनंती आहे. बाबा रे, कुणाला 'नाही' म्हणण्याआधी तो कुठल्या घरातला आहे, ते विचारत जा.

काल शालूबाईंचा फोन आला होता. आजऱ्यात त्यांनी घर बांधलंय, पुढच्या आठवड्यात वास्तुशांत आहे. "आख्ख्या ऑफिसला चूलबंद आवतण हाय," असं त्यांनी सांगितलं. मॅडमनी ते सगळ्यांना मोठ्यानं ऐकवलं.

यादीत माझं नाव शोधू नका. मी या ऑफिसातलाच आहे.