मावशी बसत तिथली माती

जुन्या बॅटऱ्या फोडायचा कारखाना बंद पडून नऊ वर्षं झाली होती, तरी त्याच्या मागच्या मैदानात शिसं तसंच ठाण मांडून बसलं होतं. तिथली माती तपासायचं काम जिच्याकडे आलं, ती बाई मैदानाला लागूनच असलेल्या वसाहतीत राहायची, आणि तिची चार वर्षांची लेक याच मातीत खेळून आजारी पडली होती. रक्तात शिसं उतरलेलं, जीभ जड, हाक मारली तरी मान वळवायला वेळ लागायचा. म्हणून मैदानभर लावलेली सूर्यफुलं मातीतलं विष शोषून घेताहेत, हे तपासणीच्या कागदावर दिसलं, की ती त्या झाडांना मनातल्या मनात हात जोडायची. काम वर्षानुवर्षांचं होतं. तिची तयारी होती.

त्यामुळे भिंतीलगतचा एक नमुना एकदम स्वच्छ आला, तेव्हा आपलंच काही चुकलं असं तिला वाटलं. तिने पुन्हा माती काढली, पुन्हा तपासली. शिसं औषधालाही नव्हतं. त्या जागी एकही झाड नव्हतं. तिथे राखणीच्या मावशी दिवसभर स्टूल टाकून बसत, एवढंच. याच कारखान्यात वीस वर्षं त्यांनी बॅटऱ्या फोडल्या होत्या आणि आतलं पाणी बादल्यांनी याच मैदानात ओतलं होतं.

पुढे उन्हासाठी म्हणून मावशींनी स्टूल फाटकापाशी हलवलं. महिन्याभरात फाटकाजवळची माती स्वच्छ झाली.

बाई कुणाला काही बोलली नाही. ती मावशींसाठी घरून चहा आणू लागली. मावशींचे ओठ काळवंडत चालले होते, नखांवर राखेची झाक आली होती, आणि संध्याकाळी त्यांना उठवायला दोन माणसं लागत.

एका सकाळी कप हातात घेत मावशींनी सहज विचारलं, "ताई, आज कुठे बसू?"

बाईने नकाशा उघडला. मग जिथे पुढे मुलांसाठी झोपाळे लागणार होते, त्या कोपऱ्यावर तिने बोट ठेवलं.

"मावशी, त्रास होतो का हो?"

"होतो की. पण माझ्याच हातांनी ओतलंय, मग दुसऱ्या कुणी का उचलावं?"

वर्ष सरलं आणि मैदान निर्धोक ठरलं. साहेबांनी सूर्यफुलांचं तोंडभरून कौतुक केलं. बाई मागच्या मागे मावशींकडे गेली, त्यांचा गार, जड हात तिने दोन्ही हातांत धरला.

"तुमचे उपकार कसे फेडू?"

"फेडायचं काय त्यात? एक जागा राहिलीय." मावशींनी वसाहतीकडे पाहिलं. "लेकीला आणा. घटकाभर मांडीवर बसू दे."

बाईने आढेवेढे घेतले नाहीत. तीन दुपारी लेक तिथे बसली. चौथ्या दिवशी उठल्याउठल्या ती स्वच्छ म्हणाली, "आई, मला भूक लागलीय," आणि बाई ओट्याशी उभी राहून रडली. रक्ताचा अहवालही निर्मळ आला.

त्या संध्याकाळी मावशींना ते सांगून दोघी मैदानातून घरी निघाल्या. नुकतंच पाणी मारलेलं होतं. लेक अखंड बडबडत पुढे धावत होती, आणि तिचा शब्द न् शब्द कानांत साठवत बाई भरल्या मनाने मागून चालली होती. मऊ मातीत बाईची एकटीचीच पावलं उमटत होती. पुढे, लेक धावत होती तिथे, सगळी माती कोरी होती.