परत गेलेले डबे

हंबीरराव चेअरमनांच्या कोल्हापुरातल्या कॉलेजात विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी हंबीररावच नेमत, आणि दरसाल आपल्या भाच्यालाच नेमत. कुणी ब्र काढला की त्याचं नाव वसतिगृहातून उडालंच म्हणून समजा. शेवटी शहाण्णवच्या दिवाळीनंतर पोरांचं टाळकं सटकलं. "मतदान घ्या, तवर जेवणार न्हाय," म्हणत पोरं-पोरी गेटाजवळ सतरंज्या टाकून बसली. पुढारी होता गारगोटीचा प्रसेनजीत.

पोरं मोठी हुशार. फलक रंगवले, घोषणा बसवल्या, पेपरवाल्यांना निरोप धाडले. एवढ्या धांदलीत घरी कळवायचं तेवढं राहिलं. या पोरांचे डबे रोज सकाळी गावाकडनं एसटीनं यायचे. आया पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, कंडक्टरच्या हाती डबा द्यायच्या, आणि संध्याकाळच्या गाडीनं तो रिकामा परत जायचा. त्या दिवशीही डबे आले. उपोषणात ते उघडायचे कसे? पोरांनी इमानेइतबारे भरलेच्या भरले परत पाठवले.

आता भरला डबा परत आल्यावर कुठल्या आईला चैन पडेल, तुम्हीच सांगा! कुणाला वाटलं पोरगं तापानं फणफणलंय, कुणाला वाटलं गाडीखाली सापडलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं सगळ्या आया कोल्हापुरात हजर, आणि सोबत ताजे डबे.

आईला, आक्काताईंना, लांबून बघितलं आणि प्रसेनजीतनं फलकाआड तोंड लपवलं. आदल्या दिवशी पोलीस येऊन दमदाटी करून गेले, तेव्हा तो हललाही नव्हता. पण आक्काताईंनी घास पुढं केला आणि त्यानं नको म्हटलं, असं आजवर घडलं नव्हतं. आणि पुढाऱ्यानंच घास घेतला की सगळं मुसळ केरात.

हंबीररावांनी हे बरोबर हेरलं. गडी हसतच बाहेर आला. "या वैनी, लई बरं झालं आलासा. भरवा पोरास्नी आन जावा घरला घेऊन."

आक्काताई लेकाजवळ टेकल्या. कपाळाला हात लावून ताप नसल्याची खात्री केली आणि डबा उघडला. खर्ड्याचा वास सतरंजीभर पसरला. मागं कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं.

"खा."

"आई, न्हाय खात."

"का रं? माझ्या हातचं गोड लागंना व्हय?"

त्याचे डोळे भरून आले. "तसं न्हवं गं. आमचा माणूस आमास्नी निवडू देईनात. मत मागतोय नुसतं."

"मत?" आक्काताईंनी वळून हंबीररावांकडं बघितलं. "मागं झेडपीला हेच आलतं की आपल्या दारात हात जोडून. आक्का, तुमचं मत म्हंजे सोनं, म्हणालतं. आन माझ्या पोराचं काय माती हाय?"

हंबीरराव खाकरले. आक्काताईंनी डब्याला झाकण लावलं आणि मांडी ठोकली. "मग मी बी जेवत न्हाय." शेजारी दुसऱ्या एका पोराची आई धोंडुबाई बसल्या, मग बाकीच्या आयाही बसल्या. प्रसेनजीतला आईचा असा काही अभिमान वाटला की तो घोषणा द्यायचीच विसरला.

पोरं उपाशी राहिल्याचं हंबीररावांना सोयरसुतक नव्हतं. पण दारात आलेल्या बायाबापड्या उपाशी ठेवल्या, ही बातमी गावोगावी जायला कितीसा वेळ? त्यात झेडपीची निवडणूक तोंडावर. दुपार कलायच्या आत ते हात जोडून आले.

"घ्या बाबानू मतदान! पर आदी जेवा."

मतदान झालं. वाजतगाजत झालं. भाचा उभाच राहिला नाही, आणि उपोषणाला बसलेल्यांतल्याच हुपरीच्या सोनमनं प्रसेनजीतला चांगलं आडवं केलं. तो तोंड पाडून घरी आला.

"पडलास व्हय?" आक्काताईंनी विचारलं.

"व्हय."

"कुणी पाडलं?"

"पोरांनीच की."

"मग चेअरमननं तर न्हाय पाडलं!" म्हणत आक्काताई खदखदून हसल्या. मग प्रसेनजीतलाही हसू आवरेना.